फूल ओळखीचं, झाड अनोळखी

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५९, बँकेतली नोकरी संपून दीड वर्ष झालं. पत्र आठ पानी आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते.

ताईंचं माहेर गुहागरकडचं. आई परसातल्या जास्वंदीचं तेल काढायची, प्राजक्ताचा काढा द्यायची. अर्धी वाडी तिच्याकडे औषधाला यायची. नोकरीच्या धावपळीत हे सगळं मागे पडलं. निवृत्तीनंतर पहाटेचं फिरणं सुरू झालं. वाटेत फुटपाथवर प्राजक्ताचा सडा दिसायचा, शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावरून जास्वंद डोकावायची. हात आपोआप पुढे झाला. आता घरी जास्वंदीचं तेल होतं, आणि गुडघे धरलेल्या यजमानांना रोज सकाळी प्राजक्ताच्या फुलांचा कपभर काढा मिळतो. 'त्यांना उतार वाटतो,' असं ताई लिहितात. यजमान ६४ वर्षांचे. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, असाही एक ओझरता उल्लेख पत्रात आहे. शेजारणी तेलाच्या बाटल्या मागतात. एक तर म्हणते, 'विकायला काढा, गिऱ्हाइकं मी आणते.'

गेल्या महिन्यात २८ वर्षांच्या लेकीने काढ्याचं पातेलं उचललं आणि बेसिनमध्ये ओतून दिलं. 'रस्त्यावरचा कचरा बाबांना पाजू नकोस,' म्हणाली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं कामापुरतं उरलंय. ताई विचारतात, 'माझी आई जन्मभर हेच करत आली, कुणाला काही झालं नाही. घरच्या औषधाने काय अपाय होणार? लेकीने काढा नाही ओतला, माझ्या आईलाच बेसिनमध्ये ओतलं. माझं काय चुकलं?'

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळाने पुन्हा उचललं. आई गेल्यावर तिच्या हातचं जे आपल्या हातात उतरतं, त्याला कुणी कचरा म्हटलं तर काय होतं, ते मला कळतं. काढा असा ओतायला नको होता. बोलायला हवं होतं. हे मी लेकीलाही सांगितलं असतं.

पण आता जरा तुमच्या आईच्या परसात जाऊ या. ती फूल तोडायची तेव्हा त्या झाडाबद्दल तिला काय काय ठाऊक असायचं, ते आठवा. झाड कुणी लावलं, कधी लावलं. बुंध्याशी न्हाणीचं पाणी जातं की विहिरीचं. कीड पडली तर राख टाकली की आणखी काही. कोणत्या महिन्यात पान कोवळं असतं आणि कधी निबर होतं. फूल हातात येण्याआधीच निम्मं औषध या माहितीत झालेलं असायचं. तुम्हाला आईकडून कृती मिळाली, ती तुम्ही मनापासून जपली. झाड मात्र गुहागरला राहिलं. मुलुंडच्या फुटपाथवरचा प्राजक्त जातीने तोच, पण तो कसा वाढला, काय प्यायला, हे तुम्हाला ठाऊक नाही. लेकीच्या तोंडून जे वाकडं निघालं त्यात हे एवढं खरं होतं.

मुंबईतला प्राजक्त कशातून जातो बघा. डासांसाठी पालिकेचा माणूस धुराचं मशीन घेऊन येतो, तेव्हा तो धूर झाडावर बसतो. सोसायट्या कुंपणाच्या झाडांवर औषध फवारतात आणि त्याची नोटीस त्यांच्याच फळ्यावर लागते, शेजारच्यांना कळत नाही. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण शिसं मातीत मुरलं की सहजी जात नाही, आणि मोठ्या रस्त्याकडेच्या मातीत कित्येक वर्षांचं साठलेलं असू शकतं. शिवाय पावसाळ्यातली जमीन. देवाला जमिनीवर पडलेलं फूल चालत नाही, पण प्राजक्त चालतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. देव्हाऱ्यासाठी ते चालू द्या. पोटात घेताना मात्र, त्याच जमिनीवर रात्री उंदीर फिरलेत हे लक्षात ठेवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे, रुग्ण कसे वाढले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उकळल्यावर तो जंतू मरतो, हे खरं. पण ओल्या जमिनीवरून फुलं वेचणाऱ्या बोटाला चीर असेल तर तो तिथूनही शिरतो. आणि शिसं उकळून जात नाही, फवारलेलं औषधही सगळं जाईलच असं नाही, उलट पाणी आटलं की उरलेलं दाट होतं.

आता एक प्रश्न विचारते. रागावू नका. तुमची आई काढा खरंच फुलांचा करायची का?

विचारण्याला कारण आहे. आपल्याकडे सांधेदुखीला, कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेला, म्हणजे वैद्य ज्याला गृध्रसी म्हणतात तिला, परंपरेने प्राजक्ताचं पान देतात. तापालाही पानच. प्राजक्ताचं पान खरखरीत, कडू जहर. फुलाचं मुख्य काम देवपूजेचं, आणि त्याच्या केशरी देठांचं काम रंग काढायचं. पूर्वी त्या देठांनी कापड रंगवत. शिवाय आयुर्वेदात फुलांसारखी नाजूक द्रव्यं सहसा आटवत नाहीत. त्यांचा फांट करतात, म्हणजे गरम पाण्यात घालून, झाकून, गाळून घेतात. मला असं वाटतं की तुमच्या आईने पानं उकळली असतील, आणि तुम्ही परकर सावरत ओंजळीत फुलं वेचत असाल. मनात सडा राहिला, पानं राहिली नाहीत. त्या वयात कोण पानांकडे बघतं? माहेरी भाऊ, वहिनी, एखादी मावशी असेल तर फोन करून विचारा. काढ्यात नेमकं काय पडायचं, किती पडायचं, कुणाला द्यायची आणि कुणाला द्यायची नाही. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जाणत्या बायका 'याला नको' असं म्हणायच्या, तेही त्या विद्येतच येतं.

पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. आठ पानांत यजमानांच्या डॉक्टरांचा उल्लेख नाही. त्यांना काढ्याबद्दल सांगितलंय का? नसेल, असं धरून लिहिते.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला रोजचं नवं काही सुरू करताना डॉक्टरांना विचारावंच लागतं. यातल्या काही गोळ्यांचं गणित तर रोजच्या पालेभाजीचं प्रमाण बदललं तरी हलतं. तुमच्या काढ्याने काही बिघडलंय असं मी म्हणत नाही. पण कपभर काढ्यात काय उतरतं आणि किती, हे मोजलेलं नसतं. गोळी मोजलेली असते. 'घरच्या औषधाने काय अपाय होणार' या वाक्यातच मला धोका दिसतो, कारण औषध लागू पडत असेल तर त्याचा त्रासही होऊ शकतो. ज्याचा काहीच परिणाम होत नाही, ते तुम्ही दिलंच कशाला असतं?

म्हणून काढा तूर्त बंद ठेवा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा, 'फुटपाथवरच्या प्राजक्ताची फुलं उकळून इतके आठवडे, रोज कपभर' असं स्पष्ट सांगा, लाजू नका. काढा हवाच असेल तर वैद्यांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारा. वरळीच्या सरकारी पोदार आयुर्वेद रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे प्राजक्ताचं नाव घेतलं म्हणून कुणी हसणार नाही. यजमानांना उतार पडलाय तो खरा असेल. गुडघ्याचं दुखणं आपोआपही कमीजास्त होतं, आणि रोज सकाळी बायको पुढ्यात गरम पेला ठेवते तेव्हा माणसाला बरं वाटतं, तेही काही खोटं नसतं. तो पेला आल्याच्या गरम पाण्याचा असला तरी सकाळ तीच राहील.

'कुणाला काही झालं नाही' याबद्दल थोडं. कोकणात वाढलेल्या कुणालाही बिट्टी ठाऊक असते, पिवळी कण्हेर. आम्ही तिच्या बियांनी खेळायचो. आजी ओरडायची, 'खेळा, पण तोंडात घालाल तर बघा. आणि हात धुऊन घरात या.' बिट्टी आणि कण्हेर दोन्हींत हृदयाची लय बिघडवणारं विष असतं, मुळापासून फुलापर्यंत सगळीकडे, आणि उकळून ते जात नाही. काही झालं नाही, कारण कशाला हात लावायचा नाही हे त्या बायकांना पाठ होतं. आज मुंबईत कण्हेर रस्त्याच्या दुभाजकांवर ओळीने फुलते. रस्त्याकडेला बिट्टी असते, आणि तिच्यासारखंच पिवळ्या घंटांच्या फुलांचं दुसरं एक झुडूपही असतं. दोन्हींतला फरक पानात आहे. बिट्टीचं पान लांब, अरुंद, एकेकटं, आणि तोडलं की पांढरा चीक येतो. दुसऱ्याच्या एका देठावर जोडीजोडीने छोटी पानं, कडा करवतीसारख्या. तुम्हाला हे कळत असेल, पण हे सदर वाचून कुणी उद्या पिशवी घेऊन निघेल, त्यांच्यासाठी लिहितेय. फक्त फुलाच्या रंगावरून झाड ठरवू नका. फोनमधलं ॲप झाडाचं नाव सांगतं तो अंदाज असतो, त्याच्या भरवशावर काही पिऊ नका. झाडं ओळखायला शिकायचं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ पासूनचं. वाळवलेल्या वनस्पती तिथे नावानिशी जपून ठेवल्या आहेत.

जास्वंदीबद्दलही एक गल्लत हल्ली फार होते. दुकानात जो आंबट लाल 'हिबिस्कस टी' मिळतो तो आपल्या गणपतीच्या जास्वंदीचा नसतो. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. घराणं एक, झाड वेगळं. तेव्हा चहाच्या खोक्यावरचं वाचून कुंपणावरची जास्वंद उकळू नका. गरोदर बाईने किंवा दिवस राहायची वाट पाहणाऱ्या बाईने तर जास्वंद पोटात घेऊच नये.

तेल मात्र करा, ताई. तेल बंद करू नका. ते डोक्याला लावायचं, पोटात जात नाही, आणि ते तुम्हाला छान जमतंय हे पत्रावरून दिसतंय. त्यातही फुलं ओळखीच्या झाडाची घ्या. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना रीतसर विचारा, माळ्याला विचारा की फवारणी कधी झाली. फवारणी झाली असेल तर त्या महिन्यात सोडून द्या. तुमच्या मागे डोंगर आहे म्हणून सांगते, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरून मात्र काही तोडू नका, तिथे पान-फूल काढायला कायद्याने मनाई आहे. दादरच्या फूलबाजारातली फुलंही यासाठी नकोत, ती हारांसाठी पिकवलेली असतात.

आमच्या घरातली रीत सांगते, तुमच्याशी ताडून पाहा. गावठी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद, दहा-बारा फुलं. हिरवा देठ आणि मधला परागांचा दांडा काढून टाकायचा. पाकळ्या पाण्यातून काढून, सुती फडक्यावर पसरून सावलीत दोन दिवस. मुंबईच्या पावसाळ्यात दोन दिवसांत त्या सुकत नाहीत, लिबलिबतात, म्हणून हे काम दिवाळीनंतरचं. पाव लिटर खोबरेल, जाड बुडाची कढई, आच अगदी मंद. पाकळ्या घातल्या की तेल चुरचुरतं, बुडबुडे येतात. तो आवाज म्हणजे पाकळ्यांत उरलेलं पाणी. आवाज कमी होत होत थांबतो, पाकळी झाऱ्यावर घेऊन चुरडली की कुरकुरीत मोडते. मग गॅस बंद. आणि मग आजीची परीक्षा: कापसाची छोटी वात त्या तेलात भिजवायची, कढईपासून दूर नेऊन पणतीत पेटवायची. तडतडली तर तेलात पाणी आहे, पुन्हा मंद आचेवर ठेवा. शांत जळली तर तेल झालं. जुन्या ग्रंथांतही तेल सिद्ध झाल्याची अशीच खूण सांगितली आहे, त्यातला कल्क, म्हणजे तेलात घातलेला वनस्पतीचा वाटलेला गोळा, विस्तवावर टाकला की आवाज होऊ नये. आपल्या आज्यांनी ग्रंथ वाचले नव्हते, पण कान तयार होते. पाणी राहिलं तर आपल्या दमट हवेत तेलाला बुरस येतो, खवट वास सुटतो, म्हणून त्या आवाजाचं एवढं कौतुक.

पूर्ण गार झाल्यावर मलमलीतून गाळायचं, कोरड्या काचेच्या बाटलीत भरायचं, वर तारीख लिहायची. तीन-चार महिन्यांत संपवायचं. नव्या माणसाने आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघावं, खाज किंवा चट्टा आला तर लावू नये. तान्ह्या बाळांना नको. आणि जास्वंदीच्या पानांचा तो सुळसुळीत चिकटपणा तेलात उतरत नाही, तो पाण्यात उतरतो. त्यासाठी पानं पाण्यात चुरून त्याच पाण्याने केस धुवा. तेलाने केस मऊ राहतात, डोकं शांत वाटतं. गेलेले केस परत येतात असं मात्र कुणाला सांगू नका.

इथेच शेजारणीचा विषय संपवते. हौसेने एखादी बाटली देणं वेगळं. विकायचं म्हटलं की १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याचा परवाना लागतो, घरच्या ओट्यावर ते बसत नाही. बाटली द्यायची तर त्यावर तेलात काय आहे ते आणि तारीख लिहून द्या. पैसे घेऊ नका.

मला खरं तर तुमच्या खिडकीबद्दल विचारायचं होतं. ग्रिलमध्ये चार-पाच तास ऊन येतं का? येत असेल तर जास्वंद फांदीपासून होते, आणि पावसाळा सुरू झाला की लावायला सगळ्यात बरं. सोसायटीच्या त्याच झाडाची, परवानगी घेऊन, पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, निचऱ्याच्या मातीत खोचा. धुवाधार पाऊस थेट पडू देऊ नका, फांदी सडते. महिना-दीड महिन्यात फूट येते. मग ती बारा इंची कुंडीत हलवा. पिठ्या ढेकूण हमखास येतो, तो ओल्या कापसाने पुसून काढा, जमलं तर निंबोळी तेल पाण्यात घालून फवारा. प्राजक्तही मोठ्या कुंडीत येतो. तो बाल्कनीत पानं फार झाडतो, रोज केरसुणी घ्यावी लागते, पण सकाळी सडा घरातच पडतो. पहिलं वर्षभर फुलं थोडी येतील. तोवर तेल कमी होईल, होऊ दे.

राहिली लेक. ती तुमच्या आईला ओळखत होती का, हे पत्रात नाही. नसेल ओळखत, तर तिच्या लेखी गुहागरचं परस नाहीच. तिला दिसतो फुटपाथ आणि बाबांच्या गोळ्यांचा डबा. ती बाबांच्या काळजीने घाबरून वागली. तुम्हाला राग आलाय, पण तुम्ही दोघी एकाच माणसासाठी भांडताय. तिच्याशी बोलायला काढ्यापासून सुरुवात करू नका. 'डॉक्टरांकडे जाताना तू चल, काढ्याचं मी सांगते, गोळ्यांचं तू सांग,' एवढंच म्हणा. ती येईल असं मला वाटतं. जिने पातेलं उचललं, तिला काळजी आहे.

आणि पुढचं तेल कराल तेव्हा रविवार बघा, ती घरी असेल असा. कृती सांगत बसू नका. आच मंद करा, तिला ओट्याशी उभी करा आणि विचारा, 'आवाज थांबला का गं?' तुमच्या वयाला कान थोडे कमी होतात, हे कारण पुरेल. वातही तिलाच पेटवू द्या.